करवंटीतला होकार

‘होय’ म्हणण्यापूर्वी ते गृहस्थ उजव्या हाताचा तळवा छातीवर ठेवीत, मान किंचित खाली घालीत आणि थांबत. प्रश्न मोठा की लहान, याचा त्या थांबण्याशी संबंध नसे. चहा घेणार का, या प्रश्नालाही ते तेवढेच थांबत. तोवर चहा निवून जाई.

“एकदा होय म्हटला काय मानूस बांधलो,” असे ते आपल्या मालवणीत म्हणत. “म्हणान घाई करू नये.”

एकदा अंधेरीहून घाटकोपरच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. कंडक्टरने विचारले, “घाटकोपर ना?” यांचा तळवा छातीवर गेला, मान खाली गेली. मागे माणसे खोळंबली. कंडक्टर वैतागून म्हणाला, “काका, तिकीट देतोय, पोरगी नाय देत! बोला ना लवकर!” सारी बस हसली. हे हसले नाहीत. पुरता विचार करून “होय, घाटकोपर” असे त्यांनी सांगितले आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मधीच उतरूचा मनात इला असता तर?”

वाचकहो, असा एखादा मनुष्य आपल्याही शेजारी राहून गेला असेल आणि आपणही त्याच्या संथपणाला हसला असाल. आम्ही सारेच हसत होतो. पुढे जे घडले त्याला मी साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने पाहिले तेवढेच व ऐकले तेवढेच सांगावे हा नियम न्यायालयात शिरस्तेदार म्हणून नोकरी करताना मी आयुष्यभर इतरांना ऐकवला. आता तो स्वतः पाळण्याचा प्रयत्न करतो.

निवृत्त झाल्यावर मी अंधेरी पूर्वेला राहावयास आलो. आमच्या इमारतीमागे बैठ्या खोल्यांची रांग होती. त्यातल्या एका खोलीत हे आणि त्यांची पत्नी राहत. मूल नव्हते. घाटकोपरच्या बाजूला असलेल्या एका कापड गिरणीत ते साळखात्यात, म्हणजे विणाईला, होते. मागाला ते साचा म्हणत. संप झाला, संप विरला, काही गिरण्या उघडल्या. यांची उघडली नाही. बंद झाली असेही कोणी सांगितले नाही. फाटकावर कसलीही सूचना नव्हती. सूचना न लावता हजारो माणसांना रस्त्यावर ठेवणे हे कोणत्या कायद्यात बसते, असे मी संबंधित खात्याला तीन निरनिराळ्या मसुद्यांत विचारले. खात्याला ते ठाऊक नसावे.

अर्ज लिहून घेण्यासाठीच ते प्रथम माझ्याकडे आले. मला ‘वकीलसायबानू’ म्हणू लागले. मी वकील नाही, हे सांगून मी थकलो.

“कोर्टात होतास मा?” ते म्हणाले. “मगे वकीलच. देवळात ऱ्हवता तो सगळो देवाचोच.”

मी अर्ज वाचून दाखविला. ‘सदरहू गिरणीत सदरहू अर्जदार’ इथे त्यांनी मला हात करून थांबविले.

“ह्यो सदरहू कोण?”

“कोणी नाही. ती लिहिण्याची रीत आहे.”

“मगे तेका कित्याक मधी घेतलास? साचो माझो, पोट माझा. उद्या कामार घेतले आणि सदरहू येवन हुबो ऱ्हवलो तर?”

मी सदरहू काढून टाकला. माझ्या हयातीत सदरहूशिवाय लिहिलेला तो पहिला अर्ज. त्यालाही उत्तर आले नाही.

गिरणीबाहेर काढलेले दिवस माणसाच्या अंगावर कसे दिसतात ते मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. आवाज प्रथम गेला. साच्यांच्या खडखडाटात बोलण्याची सवय असलेले हे गृहस्थ पूर्वी एवढ्या मोठ्याने बोलत की आमच्या जिन्यात त्यांचे “वकीलसायबानू!” तिसऱ्या मजल्यावर ऐकू येई. मग ते हळू बोलू लागले. हळू बोलणारा गिरणी कामगार ही चांगली खूण नव्हे.

त्याच सुमारास विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक विचित्र हॉटेल उघडले. पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटाचा देखावा त्यात उभा केला होता. सिमेंटच्या इमारतीवर गवताचे छप्पर, बांबूचे कूड, आत मासे पकडण्याची जाळी टांगलेली, भिंतीवर लाकडी मुखवटे, आणि दारू नारळाच्या करवंट्यांतून देत. अंधेरीपासून हाकेच्या अंतरावर खरी खाडी, खरी जाळी आणि खरे कोळी असताना हा समुद्र विकत आणलेला होता. बांबूचे कुंपण पदपथावर पुढे सरकविले होते. त्याबद्दल मी महानगरपालिकेला लिहिले. रात्री गाणी ओकणाऱ्या त्यांच्या भोंग्याबद्दल पोलिसांना लिहिले. दारावर इंग्रजीत पाटी होती, ‘प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे’. हा हक्क कोणी, कोणासाठी आणि कोणत्या कलमाखाली राखला, हे मी परवाना देणाऱ्यांना विचारले. कुंपण आणखी एक हात पुढे आले.

त्या हॉटेलात यांना दरवानाची नोकरी मिळाली.

अंगात फुलाफुलांचा सदरा, गळ्यात प्लॅस्टिकच्या फुलांची माळ आणि डोक्यावर गवताची टोपी. मला ते पाहवेना. ते मात्र म्हणाले, “आमच्या आज्याकडे पावसात इरला होता. ता तरी गवताचाच मा? तेवढा काय वाटून घेवचा नाय.”

दारात, ते उभे राहत त्या जागेच्या बाजूला, दोन पुरुष उंचीचा एक पुतळा होता. वटारलेले डोळे, विचकलेले दात, कपाळावर कोरलेल्या आठ्या. हॉटेलवाले त्याला टिकी म्हणत. त्या बेटांवरचा तो कुणीतरी देव आहे, इतके यांना वेटरकडून कळले. तेवढे पुरेसे झाले.

“टिकी म्हंजे जो टिकता तो,” त्यांनी मला समजावून सांगितले. “जागेचो राखणदार तो. पण बघा, देव दारात हुबो करून ठेवल्यानी आणि नारळ कोण ठेवीत नाय. आत नारळाची रास पडली आसा, ती दारू ओतूक. उपाशी देव जागेर बरो नाय.”

म्हणून त्यांनी स्वतःचा नारळ नेला. संध्याकाळी गिऱ्हाईक येण्यापूर्वी चपला काढून तो पुतळ्यापुढे ठेवला आणि गाऱ्हाणे घातले.

गाऱ्हाणे म्हणजे काय, हे मी देशावरचा असल्याने मला त्यांच्याकडूनच कळले. कोकणात देवापुढे उभे राहून एक जण मोठ्याने मागणे मांडतो, आणि प्रत्येक वाक्याअंती जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ असे म्हणतात. ऐकताच मला अर्जाचा मसुदा ओळखू आला. आधी मायना, मग हकिकत, मग विनंती. आणि प्रत्येक ‘व्हय म्हाराजा’ ही खाली केलेली सही.

“सही तरी कागदार ऱ्हवता,” ते म्हणाले. “व्हय म्हाराजा म्हणणारो स्वतः बांधलो जाता. देवासमोर होय म्हणान फिरलो तर तेचा घर बसता.”

हॉटेलच्या मॅनेजरने ते गाऱ्हाणे चोरून पाहिले. प्रथम तो हसला. मग त्याने दोन मित्रांना बोलावून दाखविले. मग गिऱ्हाइकांना. महिन्याभरात तो तिथला रोजचा खेळ होऊन बसला. आठ वाजता दिवे मंद होत, ढोल वाजे, दरवानाला आत आणीत, चाके लावलेला दुसरा एक लहान टिकी मधोमध ढकलीत आणि गिऱ्हाइकांना करवंट्या उंच करून ‘होय महाराजा’ ओरडावयास शिकवीत.

मला हे कळले तेव्हा माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. मी त्यांना घरी बोलावून बसविले आणि म्हणालो, “ते तुमची थट्टा करतात. हा तुमच्या श्रद्धेचा अवमान आहे. त्यासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलम आहे.”

“हसतत ते हसांदेत,” ते म्हणाले. “पण सायबानू, एवढी माणसा एका तोंडान व्हय म्हाराजा म्हणतत. आमच्या गावात जत्रेकसुद्धा एवढो आवाज उठना नाय. एवढ्या माणसांचा गाऱ्हाना देव टाळीत कसो?”

“मागता तरी काय तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांना त्यांचे नाव विचारले. “साचो,” ते म्हणाले. “दुसरा काय मागतलंय?”

मग मला म्हणाले, “एक दिवस आयकूक येवा.”

मी त्या हॉटेलात पाय ठेवणार नाही असे लेखी कळविलेले होते. पण पुतण्याला बढती मिळाली होती, त्याला मला कुठेतरी जेवायला न्यायचे होते. आणि स्थळपाहणी केल्याशिवाय केलेली तक्रार कच्ची असते, हेही मला ठाऊक होते. आम्ही गेलो.

दारात ते उभे होते. नेहमी मला पाहून ते हसत. त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा ताठ होता. माझा हात धरून त्यांनी मला कुंपणाकडे नेले.

“सायबानू, आत आमचे गिरणीचे मॅनेजर इले आसत,” ते कुजबुजले. “सोनेरी चष्म्याचे. चार-पाच जण बरोबर आसत. इतकी वर्षा लांबसून बघितलंय तेंका. आज देवान तेंका माझ्या दारात आणून सोडल्यान.”

“तुम्ही बोललात त्यांच्याशी?”

“मी दार उघडलंय. तेणी बघूक नाय.”

आत अंधार होता. पुतण्याने मागविलेले माझे लिंबाचे सरबतही करवंटीतून आले, वर कागदाची छत्री खोवलेली. ती छत्री काढून मी पुतण्याकडे दिली. “काका, एक दिवस तरी मजा करा ना,” तो म्हणाला. मी भिंतीवरचे मुखवटे मोजीत नव्हतो. सोनेरी चष्मा शोधीत होतो. तो आमच्या शेजारच्याच टेबलावर सापडला. जाड, गोरा, खुशीत आलेला मनुष्य. माणूस म्हणून वाईट दिसत नव्हता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. वेटरला तो ‘बेटा’ म्हणत होता.

आठ वाजले. ढोल वाजला. हॉटेलचा मॅनेजर ध्वनिक्षेपक घेऊन आला. “दोस्तों, अब टिकी महाराज की पूजा! बाबा बोलेगा, और आप सब चिल्लाएँगे, होय महाराजा! एक बार ट्राय करो!” लोक ओरडले. त्याने कानाला हात लावला. लोक आणखी मोठ्याने ओरडले.

ते आत आले. टोपी काढून खुर्चीवर ठेवली. चपला काढल्या. त्या सबंध दालनात अनवाणी ते एकटेच होते. नारळ ठेवला, तळवा छातीवर घेतला, मान खाली घातली आणि थांबले. त्या थांबण्यालाच पहिला हशा आला. पलीकडून कोणीतरी ओरडले, “ओ बाबा, झोप लागली काय?”

मी उठून उभा राहिलो. “हे बंद करा!” असे मी मोठ्याने म्हटले, इतपत मला आठवते. पुतण्या माझी बाही ओढीत होता. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून, आमच्या जिन्यात घुमणाऱ्या त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले,

“सायबानू, मधी बोलू नकात. गाऱ्हाना मोडता.”

मी बसलो.

“बा देवा, जागेच्या राखणदारा म्हाराजा!”

“होय महाराजा!” करवंट्या वर गेल्या.

“आज तुझ्या दारात नारळ ठेवलो आसा, तो गोड मानून घे म्हाराजा!”

“होय महाराजा!”

“हय जे कोण बसले आसत, तेंचा खाल्ला-पिल्ला तेंच्या आंगाक लागांदे, घराक जाताना वाटेत कोणाचा वाईट-वाकडा होवा नये म्हाराजा!”

“होय महाराजा!” इथे हशा फार मोठा झाला. पण वाचकहो, दारू पिऊन मोटार हाकीत जाणाऱ्या त्या लोकांसाठी त्या संध्याकाळी दुसऱ्या कोणी काही मागितले असेल असे मला वाटत नाही.

मग त्यांचा आवाज बदलला.

“आणि म्हाराजा, आज तुझ्या दारात आमच्या गिरणीचे मॅनेजर-सायब इले आसत. बंद पडलेले साचे चालू करूची बुद्धी तू तेंका दी म्हाराजा! ह्या लेकराक आणि ह्याच्यासारख्या सगळ्या लेकरांक परत कामार घेतलंय, असा तेंच्या तोंडातसून तू वदव म्हाराजा!”

लोक ओरडलेच, त्यांना शब्दांशी कर्तव्य नव्हते. पण शेजारच्या टेबलावर गडबड झाली. “अरे, तुला बोलतोय तो! तुझा माणूस आहे!” मित्रांनी सोनेरी चष्म्याला ढोसले. “ऊठ, ऊठ, देव बोलावतोय!”

तो उठला. हसत होता. एका हातात करवंटी. दुसऱ्या हाताचा तळवा त्याने छातीवर ठेवला, मान खाली घातली आणि हुबेहूब थांबला. मित्रांनी टेबल बडवले. अगदी पुरता वेळ थांबून त्याने करवंटी उंच केली आणि गरजला,

“व्हय म्हाराजा! घेतला! सगळ्यांना घेतला कामावर!”

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. ढोलवाल्याने आपण होऊन थाप वाजविली.

जे सर्व लोकांना नक्कल वाटले, ते त्या एका माणसाने शपथ समजून घेतले. त्यांचा दोष कसा म्हणू? खुणेचा अर्थ त्यांना ठाऊक होता; करणाऱ्याला ठाऊक नव्हता. ते गुडघ्यांवर बसले, सिगारेटच्या थोटकांनी भरलेल्या त्या फरशीला त्यांनी कपाळ टेकले आणि बराच वेळ वर उचलले नाही. लोकांना वाटले तोही खेळाचा भाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. हातात खोबऱ्याचा प्रसाद. आणि आवाज पुन्हा पूर्वीसारखा, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा.

“वकीलसायबानू, हाटेलाची नोकरी सोडलंय!”

मी त्यांना आत घेतले. मी काय म्हणालो ते क्रमवार सांगतो, कारण त्यातले एकही विधान चूक नव्हते आणि एकाचाही उपयोग झाला नाही. मी म्हणालो, तो मनुष्य नशेत होता. नशेतल्या माणसाची संमती कायद्यात संमती ठरत नाही. ते म्हणाले, “पिऊन इलो तरी देवाक आवाज जाताच मा?” मी म्हणालो, तो देव नाही, प्लॅस्टरचा पुतळा आहे, चाकांवर ढकलतात. ते म्हणाले, “आमचो गणपती तरी मातयेचोच. आणि रथाक चाका नसतत?” मी म्हणालो, तो हसत होता. यावर ते थांबले. तळवा छातीवर गेला नाही, नुसते थांबले.

“तेणी हात खय ठेवलेलो, तुम्ही बघितलास मा?” त्यांनी विचारले.

“पाहिला.”

“काय म्हटल्यान, ता आयकलास मा?”

“ऐकले.”

“मगे तुम्ही साक्षीक आसास,” असे म्हणून त्यांनी प्रसाद माझ्या हातावर ठेवला आणि ते घाटकोपरची बस पकडावयास गेले.

त्या दिवसापासून ते रोज गिरणीच्या फाटकापाशी जाऊन बसू लागले. सकाळच्या पाळीच्या वेळेला जात, पाळी सुटण्याच्या वेळेला परत येत. पाळी नव्हती, वेळ होती. आतला पहारेकरी त्यांना ओळखू लागला. “बोलावना येतला तेव्हा मी हय असाक होयो,” असे ते त्याला सांगत.

एकदा गिरणीच्या मॅनेजरची मोटार आत गेली. हे उठून उभे राहिले आणि त्यांनी तळवा छातीवर ठेवला. मोटारीची काच बंद होती. “कामाच्या घाईत आसत,” त्यांनी मला सांगितले. “एवढी गिरण परत चालू करूची म्हंजे काय कमी काम?”

इकडे हॉटेलचा मॅनेजर मला भेटावयास आला. “अंकल, उनको बोलो ना वापस आने को. पब्लिक पूछती है.” मी त्याला दाराबाहेर उभे करून त्याच्या व्यवसायाविषयी माझे मत ऐकविले, ते येथे छापण्याजोगे नाही. तरीही निरोप मी पोचविला, कारण त्यांच्या घरातली चूल आता पत्नीच्या पोळ्या लाटण्यावर चालली होती. त्यांनी निरोप शांतपणे ऐकून घेतला. “गिरणीतसून बोलावना इला तर तेंका पुन्हा नाय म्हणूचा लागात,” ते म्हणाले. “दोन ठिकाणी होय म्हणूक येना नाय, सायबानू.”

मग मी लिहिले. गिरणीच्या मॅनेजरला रजिस्टर टपालाने, पोचपावतीसह. त्या संध्याकाळी आपण सार्वजनिक ठिकाणी, अनेकांच्या समक्ष, एका कामगारास अमुक शब्दांत होकार दिला. मी त्याचा प्रत्यक्ष साक्षीदार आहे. त्या होकारावर विसंबून त्या इसमाने असलेली नोकरी सोडली आहे. सबब आपण एक तर दिलेला शब्द पाळावा, अथवा फाटकाबाहेर येऊन त्यास समक्ष सांगावे की तो शब्द नव्हता. माझी मागणी फार मोठी नव्हती. ‘नाही’ एवढेच म्हणा. तुमच्या ‘होय’ने जो मनुष्य बांधला गेला आहे त्याला एका ‘नाही’ने मोकळे करा.

पोचपावती आली. उत्तर आले नाही. मी गिरणीच्या संचालकांना लिहिले, कामगार खात्याला लिहिले, वृत्तपत्रांना लिहिले. एका वृत्तपत्राने पत्र छापले, पण ‘हॉटेलांतील गोंगाट’ या मथळ्याखाली, गिरणीचा मजकूर गाळून.

वाचकहो, कुठेतरी कोणीतरी ऐकून घेण्यासाठी बसलेले आहे, या एका समजुतीवर मी माझे आयुष्य काढले. कागदाचा मायना त्या कोणाला तरी उद्देशून असतो. ते ज्याला राखणदार म्हणत, त्याला मी ‘मा. अधिकारीसाहेब’ म्हणत असे. टेबलामागे खुर्ची आहे आणि खुर्चीत मनुष्य नाही, हे कळण्याइतका मी आता म्हातारा झालो आहे. पत्रे अजूनही लिहितो. का लिहितो, हे मला विचारू नये.

एके सकाळी त्यांची पत्नी आमच्याकडे आली. उंबऱ्याशीच उभी राहिली. पदराला पीठ होते.

“तात्यानू, आज तरी तेंच्याबरोबर जावा,” ती म्हणाली. “काल फाटकापाशी चक्कर येवन पडले. पहारेकऱ्यान पाणी मारल्यान. माझा आयकनत नाय. म्हणतत, आज-उद्याच बोलावना येतला. तुम्ही सांगा तेंका, त्या मेल्या सायबाक काय आठवतसुद्धा नाय म्हणान.”

मी गेलो. बसमध्ये सर्व वाक्ये मनात जुळवून ठेवली होती. ठरवले होते की आज साक्ष मागे घ्यायची. सांगायचे, मी काही ऐकले नाही, मला नीट दिसले नाही, अंधार होता. उभ्या आयुष्यात खोटी साक्ष दिली नव्हती. त्या सकाळी देणार होतो.

ते फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत बसले होते. मला पाहून चेहरा उजळला. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हात करून मला थांबविले.

“आयकलास?”

आतून आवाज येत होता. लोखंडावर लोखंड आपटल्याचा, साखळ्यांचा, माणसांच्या हाकांचा. इतक्या वर्षांनी गिरणीच्या आत कसला तरी आवाज होत होता.

“साळखात्याकडसून येता,” ते म्हणाले. “सकाळपासून चल्ला हा.” आणि उठून त्यांनी सदऱ्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या.

फाटकाची दोन्ही दारे उघडली. आतून एक लॉरी मागे मागे येऊ लागली. आत वळायला जागा नव्हती. लॉरीवर साचे होते. सुटे केलेले, आडवे, एकावर एक रचलेले, दोरांनी आवळलेले. एका साच्याला अर्धवट विणलेल्या कापडाची चिंधी अजून चिकटलेली होती. लॉरीच्या फळीवर भंगारवाल्याचे नाव रंगविलेले होते.

मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. भंगारवाल्याचे नाव मात्र दोनदा वाचले.

लॉरी फाटकात तिरकी झाली. मागचे चाक खांबाला घासू लागले. ड्रायव्हर वाकून शिव्या देऊ लागला, “अरे कोई देखो ना पीछे! कौन है उधर?” आतला पहारेकरी दुसऱ्या बाजूला अडकला होता. रस्त्यावरून बस येत होती.

ते सावलीतून पुढे झाले. रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी एका हाताने बस थांबविली आणि दुसऱ्या हाताने लॉरीच्या फळीवर थाप मारली.

“येवंदे,” ते मोठ्याने म्हणाले. “येवंदे. डावीकडे मार. आणखी. आणखी येवंदे. सांभाळून, वरचो साचो घासता... येवंदे. बस.”

लॉरी निघाली. ड्रायव्हरने हात केला. धूर खाली बसला, बस पुढे गेली. पुढल्या आठवड्यात ती दोघे गावी गेली आणि त्या खोलीत दुसरे बिऱ्हाड आले, पण माझ्यापुरते ते त्याच क्षणी गेले होते. पहारेकऱ्याने आतून फाटकाचे एक दार ओढून घेतले. दुसरे दार गंजून जड झाले होते, एकट्याने हलेना. यांनी बाहेरून त्याला खांदा लावला, आणि ते पुरते मिटेपर्यंत लोटून दिले.